एका बोटाचा भार

आसारामनं शेवटची कांद्याची गोणी आणखी वीतभर मागं ओढली आणि गाड्याच्या दांडीखाली एक बोट घालून दांडी उचलून पाहिली. अलगद उचलली गेली. चाळीस वर्षं त्यानं बैलगाडी अशीच भरली होती. जनावराच्या मानेवर भार पडता कामा नये. आता बैल राहिले नव्हते. गेल्या साली दुष्काळात त्याच्या लेकानं, मच्छिंद्रनं, जोडी घोडेगावच्या बाजारात विकली आणि पाऊसपाणी झाल्यावर दारात आणली फटफटी. तिच्यामागं जोडायला सोनईच्या कानिफनाथ लोहारानं हा दोन चाकांचा गाडा करून दिला होता.

चहा पिऊन मच्छिंद्र बाहेर आला.

"आबा, गोन्या चाकाच्या फुडं ठिवल्या न्हवं? कानिफमामानं लई बजावलंय. मागं भार झाला तर गाडा झोके खातो म्हनं."

"ठिवल्या रं. आता तू मला गाडी भराया शिकिवणार व्हय?"

मच्छिंद्र हसला. बापानं भरलेली गाडी पुन्हा तपासायची रीत त्या घरात नव्हतीच. आणि आसारामला त्या लोहाराचं म्हणणं मुळातच पटलं नव्हतं. लोखंड ठोकणाऱ्याला ओढणाऱ्याचं दुःख काय कळणार? फटफटीवर त्याचा दात होता, तरी ओढणाऱ्याची त्याला दया यायचीच.

घोडेगावच्या उतारावर गाडा डावीउजवीकडं झोके घेऊ लागला आणि फटफटीला घेऊनच उलटला. नगरच्या दवाखान्यात मच्छिंद्रचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

महिन्यानं कानिफनाथ घरी आला. मच्छिंद्र ओसरीवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. लोहार अंगणात गाड्यापाशी उकिडवा बसला, दांडीच्या टोकाच्या तुटलेल्या जोडावरून अंगठा फिरवत राहिला.

"आबा, खरं सांगा. गोन्या फुडंच हुत्या ना?"

आसारामनं ओसरीकडं पाहिलं. लेक ऐकत होता.

"फुडंच हुत्या."

"आबांनी भरलं हुतं, मामा," मच्छिंद्र तिथूनच म्हणाला. "त्यात चूक व्हायची न्हाई."

कानिफनाथानं मान खाली घातली.

"मंग माजाच जोड कच्चा. पोराचा पाय म्या घालिवला. आता ह्या हातानं असला गाडा व्हायचा न्हाई."

मोडून टाकायला तो गाडा घेऊन निघाला. हातभार लावायला आसाराम वाकला आणि सवयीनं त्यानं दांडीखाली एकच बोट घातलं. लगेच काढून घेतलं, आणि ती दोन्ही हातांनी धरली.