सभेत बसून राहिलेला बाक

मी एक जुना बाक आहे आणि मित्रांनो, मला फार भीती वाटते आहे.

माझं घर म्हणजे एक लहानसं चर्च. इथल्या मंडळीवर वरून हुकूम सोडणारं कोणी नाही. पाळक, म्हणजे धर्मगुरू, निवडायचा असो की छत दुरुस्त करायचं असो, सभा भरते आणि सभासदच ठरवतात. माझी उंची किती असावी यावरही दोन सभा कडाक्याचं भांडण झालं होतं. शेवटी सुताराने वैतागून मला मधल्या मापाचा केला. माझ्यावर नवरानवरी बसली, तापलेली पोरं निजली. गल्लीत आग लागली तेव्हा घरं गेलेली माणसं आम्हा बाकांवर झोपली. तेव्हा सगळे माझं कौतुक करत. आता माझा एक पाय हलतो आणि लोकांचे कपडे माझ्या खिळ्यात अडकतात.

आज गाणाऱ्यांच्या प्रमुख बाईंनी ठराव मांडला, "बाक वखारीत द्यावेत, खुर्च्या आणाव्यात." वखारीत करवत असते.

ठरावाच्या बाजूने असेल त्याने उभं राहायचं, ही इथली रीत. एकजण जरी बसून राहिला, तरी त्याचं ऐकल्याशिवाय निर्णय होत नाही. बघता बघता सगळे उभे राहिले.

माझ्यावर मात्र ठराव मांडणाऱ्या बाईंच्या सासूबाई बसूनच होत्या. त्यांनी मला धरून दोनदा जोर लावला, पण उठवेना.

"आजी, तुमचा विरोध आहे?" अध्यक्षांनी विचारलं. सुनेच्या ठरावाला सासूचा विरोध! सगळ्यांच्या माना वळल्या.

आजी घाबरल्या. "विरोध कसला हो! गुडघे धरलेत माझे."

"मग बसूनच हो म्हणा, चालेल."

आजींनी माझी पाठ घट्ट पकडली. "या जड बाकाला धरून उठता येईना, तर हलक्या खुर्चीला धरून कशी उठणार? मी पडेन. नको बाई. माझा विरोधच धरा."

सून तरातरा आली.

"आई, गुडघ्यांचं घरी बोलला नाहीत कधी."

"तुम्ही सगळे घाईत असता गं."

सगळ्या सभेसमोर सून आजींशेजारी बसली आणि बसूनच राहिली. अध्यक्ष पुन्हा मोजू लागले.

मांडणारीच बसली, म्हणून ठराव पुढच्या सभेवर गेला आहे. माझी भीती काही गेलेली नाही. पण मित्रांनो, सगळे उभे असताना कोणी एकटंच बसून राहिलं, तर लांबून कारण विचारू नका. आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.