पहिला बैल कोणाचा

नवा डॉक्टर आला की पहिले आठ दिवस मी त्याला काहीही शिकवत नसे. आधी त्याने एक तरी लाथ खावी, मग बोलू. पुस्तकातली म्हैस लाथ मारत नाही. त्यामुळे मुंबईहून नुकताच पास होऊन आलेला प्रत्येक जण खऱ्या म्हशीच्या नेमका मागे जाऊन उभा राहतो. म्हसावदला आमच्या गुरांच्या दवाखान्यात मी चोवीस वर्षं कंपाउंडर होतो. तेवढ्या काळात अकरा डॉक्टर माझ्या हाताखालून गेले. कागदावर मीच त्यांच्या हाताखाली होतो, ती गोष्ट वेगळी.

बारावा रतिलाल. सेहेचाळीस साली दिवाळी उलटल्यावर आला. सारंगखेड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. तिसऱ्या दिवशी त्याने लाथ खाल्ली, मांडी चोळत उठला आणि मला म्हणाला, "अप्पा, मी कुठं उभं राहायला हवं होतं?"

आधीच्या अकरांनी लाथ खाल्ल्यावर म्हशीच्या मालकाला झापलं होतं. हा पोरगा मला तिथेच आवडला, आणि आठ दिवसांचा नेम मी मोडला.

मग आमची शाळा सुरू झाली. मी सांगायचो आणि तो खिशातल्या वहीत लिहून घ्यायचा. माझं बोलणं आजवर कोणी लिहून घेतलं नव्हतं. घरात तर कोणी ऐकतही नाही. मी असा फुगलो की काही विचारू नका.

"सायेब," मी म्हणायचो, "गावमा गयात की पहिले बठा. पानी मांगा. मानूसले काही इचारू नका, तो आपसूक सांगस. बैलना मानवर हात ठेवा, कातडी थरथरनी बंद व्हई तंवर सुईले हात लावू नका."

"पण अप्पा, शेतकऱ्याला रोगाची माहिती द्यायला नको का?"

"तुम्ही सारंगखेडाना ना? घरमा काय बोलतस?"

तो लाजला. "अहिरानीच."

"मंग तेच बोला. तुम्हनी शाळानी भाषा आयकीसन बैलबी उठी जास."

हेही त्याने लिहून घेतलं.

एकदा त्याला घरी चहाला नेलं. माझ्या बायकोने, दगूबाईने, काळा चहा पुढे ठेवला. त्याने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गुपचूप प्यायला. चोवीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढलेल्या माणसाच्या घरी दुधाचा थेंब नाही, हे कोणालाही नवल वाटेल. त्याने विचारलं नाही. विचारायचं नाही, हे मीच शिकवलं होतं.

पौषात बातमी आली की डोंगरात बुळकांडी शिरली आहे. ढोरांना ताप येतो, तोंड सडतं, हगवण लागते आणि शंभरातली साठ-सत्तर आठवड्यात आडवी होतात. नदीच्या पलीकडच्या पाड्यावर रोग होता. अलीकडच्या पाड्यावर पावरा लोकांची दोनशे ढोरं अजून धडधाकट होती. त्यांना वेळेत लस टोचली तर वाचणार, नाहीतर नदी ओलांडायला रोगाला किती वेळ लागतो! आम्ही माझीच बैलगाडी जुंपली. चांद्या आणि लाखा, पोटच्या पोरांसारखे वाढवलेले. वाळवलेल्या लसीच्या कुप्या ओल्या गोणपाटात गुंडाळून घेतल्या आणि निघालो.

पाड्यावर रतिलालने मला धन्य केलं. गाडीतून उतरला, पेटीला हात न लावता मोहाच्या झाडाखाली जमिनीवर बसला, पाणी मागितलं, आणि गप्प राहिला. हळूहळू माणसं जमली. पाड्याचा कारभारी सुरुपसिंग समोर येऊन बसला. त्याला बाजारातली अहिराणी येत होती. मी जरा लांब उभा राहून, आपण लावलेलं झाड बघावं तसा बघत होतो.

पण मग पोरगा वहीबाहेरचं बोलायला लागला.

"लस टोची की ताप येस," तो म्हणाला. "चार दिन ढोर चारा खात नही. शंभरमा एखादं मरीबी जास. खोटं नही सांगत."

मी मागून खाकरलो. ताप सांगावा, मरण सांगू नये, हा माझा नेहमीचा शिरस्ता. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लोक आपसात पावरीत बोलू लागले. मग सुरुपसिंगची म्हातारी आई, फुलीबाई, काठी टेकत गाडीपाशी गेली आणि चांद्याच्या मानेवरून हात फिरवला.

"ह्या बैलसले टोचं का?" तिने विचारलं.

हा प्रश्न मला दर गावात विचारला जाई, आणि माझं उत्तर ठरलेलं होतं. हो, पहिले मन्हाच बैलसले टोचं. अकरा डॉक्टरांसमोर मी ते बिनदिक्कत सांगितलं होतं. रतिलालने मान वळवली. "सांगा अप्पा," तो म्हणाला. त्याला उत्तराची खात्री होती. चेहरा अगदी मोकळा, माझं बोलणं लिहून घेताना असायचा तसा.

त्या चेहऱ्यासमोर ठरलेलं उत्तर मला देता येईना.

"नही," मी म्हणालो. "नही टोचं."

मग मीच सांगून टाकलं. बारा वर्षांपूर्वी दगूबाईने माहेराहून आणलेल्या गाईला मी माझ्या हाताने टोचलं होतं. पाचव्या दिवशी ती गेली. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, रोग आधीच अंगात होता, लसीचा दोष नाही. मला ते पटलं होतं. हजारो परक्या ढोरांना मी त्यानंतर टोचलं. घरच्या गोठ्यात मात्र सुई नेली की हात गळायचा. दगूबाई मला कधी एका शब्दाने बोलली नाही, फक्त दारात पुन्हा गाय बांधू दिली नाही.

"मंग आमना ढोरेसले कसाले?" सुरुपसिंगने विचारलं. रागाने नाही, सरळ विचारलं.

मला वाटलं, आता रतिलाल मला वाचवायला काही बोलेल, नाहीतर फाडून खाईल. त्याने दोन्हींतलं काहीच केलं नाही. तो बसल्या जागी बसून राहिला, गप्प. माझाच धडा त्याने माझ्यावर चालवला होता. मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

मी पुढे झालो. गाडी सोडली, लाखाची वेसण धरून त्याला झाडाखाली आणलं.

"सायेब, पहिले मन्हा."

त्याने लाखाच्या मानेवर तळहात ठेवला. कातडी थरथरत होती. तो थांबला. माझे हात थरथरत होते, तेही थांबेपर्यंत थांबला. मग सुई अशी घातली की बैलाने कान हलवला नाही. पाठोपाठ चांद्या.

सुरुपसिंग म्हणाला, "आते ऱ्हावा. तुम्हना बैल जगनात तं आमना ढोरं."

"ऱ्हातस," रतिलाल म्हणाला. "पन तंवर एक बी ढोर नदीवर नेवानं नही. पानी हिरनं पाजा." सुरुपसिंगने मान डोलावली. नदी टाळून विहिरीचं पाणी पाजायची ही अट मला सुचली नसती.

आम्ही राहिलो. तिसऱ्या दिवशी दोन्ही बैल तापले. चौथ्या दिवशी चांद्याने मान टाकली आणि मीही जेवण टाकलं. रतिलाल त्याच्या तोंडाशी हिरवा पाला धरून बसायचा. तो मला धीर द्यायला काही बोलायचा नाही. मी हात जोडून सांगतो, तेवढं त्याने चांगलं केलं. सहाव्या सकाळी चांद्याने पाला ओढून घेतला आणि वर त्याच्या हातातली वही चाटली. शाईची चार पानं गेली. रतिलाल एवढा हसला की लोक बघायला आले.

पहिली कालवड फुलीबाईने आणली. दोन दिवसांत दोनशे चार ढोरं झाली. मी नुसता धरायला होतो.

बैल सावरल्यावर आम्ही सावकाश परतलो. दगूबाई दारात उभी होती. ती आधी बैलांकडे गेली. लाखाच्या मानेवर सुईची बारीक गाठ अजून होती; तिचं बोट तिथे थांबलं. मग चांद्याच्या मानेवरही तिने तशीच गाठ शोधली. माझ्याकडे पाहिलं नाही. आत जाऊन तिने आमच्यासाठी काळा चहा आणला आणि रतिलालच्या हातात कप देत, हनुवटीने माझ्याकडे दाखवून म्हणाली,

"सायेब, बाजारमा एखादी चांगली गाय देखज्या. टोचानं काम यासनाकडे ऱ्हाऊ द्या."