न टोचलेली रेडकं

घटसर्प झाला की म्हशीचा गळा सुजतो, श्वास घरघरायला लागतो आणि दिवस मावळायच्या आत जनावर आडवं होतं. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका लस कंपनीत विमला याच रोगाच्या जंतूमागे हात धुऊन लागली होती. दुखण्यातून वाचलेल्या म्हशींचं रक्त तिनं जोगेश्वरीच्या तबेल्यांतून आणलं, जंतूच्या सालीतली प्रथिनं सुटी केली आणि त्या रक्तातली प्रतिपिंडं ज्याला हटकून चिकटतात असं एकच प्रथिन हुडकून काढलं. हाच अँटिजेन, लस याचीच करायची, असं ती छातीठोकपणे सांगू लागली.

सिद्ध करायला रेडकं आणली. तबेलेवाल्यांना नर नकोच असतात. त्यांनी हसत दिली. निम्म्यांना लस टोचली, निम्म्यांना नाही, आणि काही आठवड्यांनी सगळ्यांना जिवंत जंतू दिले. न टोचलेली मरायलाच हवी होती, नाहीतर बाकीची लसीमुळे जगली हे कशावरून? हा नियम विमलानंच आखला होता.

न टोचलेली मरू लागली. एक मात्र जीभ बाहेर काढून तिच्या ॲप्रनची कड चोखत राहिलं. आसपास कोणी नाही असं पाहून विमलानं त्याला अँटिबायोटिक टोचलं.

दुसऱ्या दिवशी ते उभं होतं. तिचे साहेब डॉक्टर जयवंत यांनी मुकाट्यानं त्याची लघवी तपासून घेतली. तीत औषध सापडलं. कोणी दिलं, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी दिलं, विमला म्हणाली.

"मग प्रयोग बाद," जयवंत म्हणाले. "आता दुप्पट रेडकं आणू. जंतू तू टोचायचे, आणि शेवटचं पडेपर्यंत तूच तिथं बसायचं."

तिनं राजीनाम्याची भाषा केली. खुशाल जा, ते म्हणाले, तुझी लस दुसऱ्याच्या नावानं निघेल.

ती गेली नाही.

वाचलेल्या रेडकाच्या अंगात जंतू असणार, म्हणून त्याला बाहेर सोडता येईना. त्याला मारायचं इंजेक्शनही तिच्याच हाती दिलं. ते आपण होऊन तिच्याजवळ चालत आलं.

दुसऱ्या खेपेला लस टोचलेली सगळी जगली. वैरणीसाठी दावं ओढत होती. पलीकडे न टोचलेली एकेक करून पाय झाडत होती. विमला स्टुलावर बसून पाहत होती. एकानं तिच्याकडे मान वळवली, तेव्हा तिनं स्टूल उचलून त्याच्या पाठीमागे नेऊन ठेवलं.

निकाल झकास लागला. जयवंतांनी पेढे मागवले. विमलानं एक तोंडात टाकला आणि पुढच्या प्रयोगासाठी तबेल्यांत निरोप धाडायला सांगितला.