माळनगरच्या टाकीची कोनशिला

मित्रांनो, मी एक जुनी कोनशिला आहे. माळनगरच्या पाण्याच्या टाकीला चिकटून उभी असते. उभं राहणं हेच माझं काम, आणि ते मी आजवर एकही रजा न घेता केलं आहे.

माळनगर म्हणजे वाळूजच्या कारखान्यांपलीकडचा उघडा माळ. तिथं कामगारांनी आधी घरं बांधली, मग गावाला नाव दिलं आणि नगरपालिका सगळ्यात शेवटी आली. पहिले नगराध्यक्ष झाले सांडूनाना. ऑफिस नव्हतं, म्हणून ते टँकरच्या पायरीवर बसून सह्या करत. मंत्रालयात खेटे घालून घालून त्यांनी ही टाकी उभी केली.

गुलमंडीच्या बाजारातल्या गयासभाईंनी माझ्यावर नानांचं नाव कोरलं. नाना त्यांना म्हणाले, "अक्षर बारीक काढा. टाकी मोठी दिसू द्या." हा माणूस राजकारणात टिकायचा नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

नळाला पाणी आलं त्या दिवशी बायकांनी मला हळदकुंकू लावलं. पुढं माझ्यावर पानाच्या पिचकाऱ्या पडल्या, शिकवणीच्या जाहिराती चिकटल्या. माझी तक्रार नव्हती. नाव वाचता येत होतं.

गेल्या निवडणुकीत नाना स्वतः बाजूला झाले आणि त्यांनी माऊलीला उभं केलं. माऊली नानांच्या स्कूटरवर मागं बसून राजकारण शिकलेला. त्याच्यासाठी नाना दारोदार फिरले. माऊली निवडून आला आणि त्यानं टाकीला निळा रंग दिला. रंग दिला म्हणजे टाकी नवी झाली, आणि नवी झाली म्हणजे उद्घाटन आलं.

"लई चांगला दगड आहे," मला थोपटत तो मिस्त्रीला म्हणाला. "उलटा फिरवून बसवा. मागची बाजू कोरीच आहे. तिथं माझं नाव येऊ द्या."

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून नानांनाच बोलावलं. त्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा वाचलं.

"माऊली, माझं नाव रे?"

"आहे की, नाना! जागचं हललं नाय. फक्त आतल्या अंगानं आहे."

लोक हसले. टाळ्याही पडल्या.

"असू दे," नाना म्हणाले. "लई वर्षं उन्हात होतं." आणि शाल न घेताच ते पायऱ्या उतरले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगणार होते. पण माझी निगा हल्ली उत्तम राखतात. रोज फडकं फिरतं, माऊलीचं नाव चकाकतं. नानांच्या नावावर सिमेंट आहे, तिथं फडकं पोचत नाही. म्हणून एवढंच करा. नळ सोडाल तेव्हा त्यांचं नाव एकदा मोठ्यानं घ्या. मला भिंतीतूनही ऐकू येतं.