वासुमामांचे कपाळ

पावसाने जड झालेला चेंडू वासुमामांच्या कपाळावर आदळला की जो आवाज होई, तो मी पुन्हा कुठे ऐकला नाही. शहाळे मऊ मातीत पडावे तसा. गंभीर, बुटका, प्रतिध्वनी नसलेला. श्रावणातल्या तिरप्या उन्हात खाणीच्या मातीने मैदान रक्तवर्ण दिसे, आणि त्या लालीत हा उंच, शिडशिडीत माणूस आकाशातून उतरणाऱ्या चेंडूकडे निश्चल श्रद्धेने पाहत उभा असे. मान किंचित मागे जाई, डोळे उघडेच राहत, आणि चेंडू आला त्याहून दूर परत जाई. आम्ही मुली कुंपणाशी टाळ्या वाजवीत असू. त्या टाळ्यांची मला आज लाज वाटते.

मामा नात्याने कुणी नव्हेत. साऱ्या वाड्याचेच मामा. पाळी गावच्या खाणीवर यंत्रे दुरुस्त करायचे, संध्याकाळी मुलांना फुटबॉल शिकवायचे. खाणमातीच्या चिखलात मऊ चेंडू रुतून बसतो, म्हणून आमच्याकडे तो दगडासारखा फुगवण्याची रीत. अंगठ्याने दाबायचा, खळगा पडला की पंप पुन्हा सुरू. ही रीत मामांनीच घातली. आणि त्याच चेंडूवर आठ-आठ वर्षांच्या पोरांकडून हेडरचा सराव! चिखलाला हरवण्यासाठी फुगवलेला चेंडू नुसता चिखलावर आपटणार नाही, एवढे साधे गणित कुणी मांडले नाही. मऊ चेंडू आदळताना स्वतः चेपतो, आघाताचा क्षण थोडा लांबवतो, त्यातले काही आपल्या पोटात घेतो. घट्ट चेंडू जवळजवळ सगळेच देऊन मोकळा होतो. कुणाला? कपाळाला, आणि कपाळामागच्या त्या ओल्या, अंधाऱ्या, नाजूक घराला.

साठी ओलांडली आणि मामांची स्मृती नार्व्याच्या नदीला ओहोटी लागावी तशी, आवाज न करता, काठ उघडे टाकीत मागे सरू लागली. वाळपईच्या बाजारात एकदा भाजीची पिशवी हातात धरून ते दुपारभर उभे होते. घर कुठल्या दिशेला, हे विचारायचा संकोच वाटला म्हणे. चेंडूमुळेच झाले असे छातीठोक सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. नसेल सांगता येत. म्हणून पोरांची डोकी पणाला लावायची?

मी पत्रक काढले. मागण्या दोनच: लहानांचे हेडर बंद, आणि त्यांचा चेंडू मऊ. गावच्या फुटबॉल क्लबच्या समितीतले हसले. मामांनी जन्मभर हेडर मारले, त्यांना काय झाले, म्हणाले. मग मी मामांनाच गाठले, क्लबच्या सभेत बोलाल का म्हणून विचारले. त्या सकाळी त्यांचे डोळे स्वच्छ होते. "सांगतंय गो," ते म्हणाले, "चूक माझीच आसा."

सभेत ते उभे राहिले. खिडकीतला उजेड त्यांच्या पांढऱ्या केसांवर स्थिरावला होता. त्यांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिले, कशासाठी आलो ते शोधले, आणि न सापडल्यावर बालकासारखे गोड हसून, मैदानावर पोरांना सांगत तसे म्हणाले, "डोळे मिटू नकात. चेंडू येवंदे."

सेक्रेटरीला हायसे वाटले. "बघ, सगळां ध्यानात आसा मामांच्या. तू उगाच कागद खराब करतंस."

तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या सुलभामामी बोलल्या. मामांच्या पत्नी, माहेर बांद्याचे. त्या खोलीत त्यांनी आजवर पाऊल टाकले नव्हते. "सगळां नाय. आज सकाळी माकाच इचारल्यानी, बाई, तुमी कोणाच्या?"

सेक्रेटरीने खाली मान घालून माझे पत्रक पुढे ओढले आणि दोन्ही मागण्यांखाली सही केली.

परतताना मामी आमच्या चार पावले पुढे चालत होत्या, पदराने तोंड पुसत. मामांनी माझा हात धरला. "आमी जिकलंव मा गो?"

मी हो म्हणाले. कुणाची बाजू, कुठला सामना, हे त्यांनी विचारले नाही. माणूस जिवंत असतानाच त्याच्यातून एकेक चेहरा उठून जातो, आणि मग उरलेला सारा काळ, त्याच्या वाट्याची आठवणसुद्धा आपल्यालाच सांभाळावी लागते.