सतरा तारखेची शर्यत

रविवारी सकाळी पावणेअकराला मोटारसायकल क्लबचे निवृत्ती पगार यांनी शर्यत दुसऱ्यांदा थोपवली. रेषेवर आलेल्या मोटारसायकलींना इंजिन बंद करायला सांगितलं. अँब्युलन्स आली नव्हती. ती मैदानात उभी असल्याशिवाय झेंडा पडत नाही, हा क्लबचा नियम होता आणि सचिव म्हणून तो पाळणं त्यांचं काम होतं. पोलिसांची परवानगी एकपर्यंतच होती.

"काका, ही रेस होईस्तोवर आमची पोरं लायसन्सला येतील," अमित रेषेवरून ओरडला.

"तुझं लग्न तर होऊ दे आधी," शेजारचा म्हणाला. दोघं-तिघं हसले.

म्हसरूळच्या पुढे, माळावरच्या या मातीच्या ट्रॅकवर मोसमाची ही शेवटची फेरी मार्च २०२० मध्ये व्हायची होती. कोरोनात तिची तारीख चारदा ठरली, चारदा मोडली. दर वेळी निवृत्तींनी पुन्हा परवानग्या काढल्या, जागेच्या मालकाची पुन्हा मनधरणी केली. आता वरच्या संघटनेने शेवटचं कळवलं होतं: एप्रिल २०२२ संपायच्या आत फेरी झाली नाही, तर अख्खा मोसम रद्द. आधीच्या फेऱ्यांचे गुणही गेले.

त्या गुणांत सर्वांत वर समाधान होता. सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट करणारा, पहाटे बापाच्या मळ्यातली फुलं मोटारसायकलला बांधून बाजारात नेता नेता गाडीवर हात बसलेला. मागच्या वर्षी सत्तावीस एप्रिलला तो कोरोनाने गेला. आज अमित पहिला आला तरच समाधान मागे पडणार होता. नाहीतर विजेतेपद त्याचंच. गुणांत जो वर, तो रेषेवरची आपली जागा आधी निवडतो. समाधान नेहमी डावीकडची पहिली घ्यायचा. आज कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी ती जागा रिकामी होती.

झेंडा समाधानच्या वडिलांच्या, चिमाजींच्या हातात होता. ही कल्पना निवृत्तींची. तारीखही त्यांनी जपून काढली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात सत्तावीसभोवती गोल केला, तिच्या लगतचा रविवार सोडला आणि सतरा धरली. चिमाजींना फोन करून तसं सांगितलंही. त्यांनी तारीख पुन्हा एकदा विचारून घेतली. मग, "बरं. येतो की."

चिमाजी सगळ्यांच्या आधी आले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी. पोह्यांची प्लेट त्यांच्यापुढे दोनदा गेली आणि दोनदा तशीच परत आली. चहालाही त्यांनी हात लावला नाही.

सव्वाअकराच्या सुमाराला ते निवृत्तींपाशी आले.

"निवृत्तीभाऊ, अजून लय येळ लागंल का?"

"निघालीय म्हणतात. ऊन लागतंय का? सावलीत बसा ना."

"उन्हाचं काय नाय. बाराला भटजी येणार हायेत घरी."

"आज?"

"वर्षश्राद्ध हाय समाधानचं."

"पण ते तर सत्तावीसला..."

"ती तारीख झाली. तिथी आज हाय. तो गेला तवा चैत्र वद्य प्रतिपदा लागली होती."

निवृत्तींनी खिशातून मोबाइल काढला आणि पाहण्यासारखं काही नसताना त्याची काच सदऱ्याला पुसली. त्यांच्या वडिलांचं श्राद्ध ते स्वतः दर वर्षी तिथी बघूनच करत. त्याच कॅलेंडरात, त्याच चौकोनात, तारखेखाली ती बारीक अक्षरात छापलेली असते.

"फोनवर बोलला का नाहीत तुम्ही?"

"तुम्ही इतकं जपून काढली म्हणून सांगत होता. अन् चारदा मोडलेली तारीख. पाचव्यांदा माझ्यापायी कशाला?"

"भटजींना जरा उशिरा बोलावलं तर?"

"त्यांची आज अजून घरं हायेत. मागल्या चैतात थोडी का माणसं गेली?" चिमाजींनी झेंड्याची काठी या हातातून त्या हातात घेतली. "अन् करणारा मीच हाय."

निवृत्तींनी रस्त्याकडे पाहिलं. मग माइक तोंडाशी नेला आणि बोलायच्या आधीच खाली घेतला.

"चला, सुरू करू," ते चिमाजींना म्हणाले. "तुम्ही झेंडा टाका आणि माझ्या गाडीतून घरी जा. अँब्युलन्स येईलच मागून. काय व्हायचं ते मी बघतो."

त्यांनी हात वर केला. अमितने किक मारली. बाकीच्यांनीही मारली. धूळ उठली आणि माळावर दुसरं काही ऐकू येईना.

चिमाजी रेषेपर्यंत चालत गेले. झेंडा गुंडाळलेलाच होता. डावीकडच्या रिकाम्या जागेत ते उभे राहिले आणि शेजारी अमितच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"बंद कर रे."

अमितने हेल्मेटची काच वर केली. "आबा, तुम्हाला उशीर होतोय."

"होऊ दे. आधी ती गाडी येऊ दे."

अमितने निवृत्तींकडे पाहिलं, मग इंजिन बंद केलं. रेषेवरचा आवाज एकेक करून खाली बसला.

त्या शांततेत चिमाजींचा फोन वाजला. मुलीचा, सृष्टीचा होता. तिचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

"आबा, भटजी आलेत. निघालात का?"

"बसव त्यांना."

"साडेबारापर्यंतच थांबतो म्हणतात. पुढं इंदिरानगरला जायचंय त्यांना."

"बरं."

"काय सांगू मग?"

"सांग, दादाच्याच कामात हाय म्हणावं."

निवृत्ती बाजूला जाऊन अँब्युलन्सच्या ड्रायव्हरशी बोलत होते. परत आले तेव्हा त्यांनी चिमाजींच्या नजरेला नजर दिली नाही.

"कुठवर आली?"

"द्वारका चौकात. ट्रॅफिक आहे म्हणतो."

चिमाजींनी मान हलवली.

"मागल्या वर्षी समाधानला न्यायलाबी द्वारकेपर्यंतच आली होती," ते म्हणाले.

अमितने हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं.

बारा वाजून वीस मिनिटांनी निवृत्तींनी ड्रायव्हरला पुन्हा फोन लावला, तेव्हा तो लागला नाही. रेषेवरच्या गाड्या बंद होत्या. चिमाजी डावीकडच्या पहिल्या जागेत, गुंडाळलेला झेंडा काखेत धरून, रस्त्याकडे तोंड करून उभे होते.