चार आकड्यांची तार

लेशानच्या तार कचेरीत प्रत्येक चिनी अक्षराला चार आकड्यांचा नंबर होता. तारेवरून नुसते आकडे यायचे, अक्षरं नंतर उलगडायची. पुस्तक होतं, पण पांग मास्तरांना सात हजार नंबर तोंडपाठ. युनला त्यांनीच शिकवलं, बोटांवर पट्टी मारून.

"मास्तर, डोकं आहे का गोदाम?"

"गोदामच. तुझा बाप रांगत होता तेव्हापासून भरतोय. लिही गप."

त्या दुपारी यंत्र टिकटिकायला लागलं. मास्तर आकडे उतरवत होते, युन खांद्यावरून बघत होती. मास्तरांचाच पत्ता. मास्तरांचंच नाव. मग सुहुई, त्यांची पोरगी, लांब उरुमचीला नांदणारी. मग ४०१६. आजारी. मग, लगेच निघा.

मास्तरांची पेन्सिल थांबली नाही. त्यांनी पोच दिली आणि कागद सरकवला. "उलगड. आपली तार आपण उलगडायची नाही."

युनची नजर 'आजारी'वर अडकली. चाळीस वर्षं मास्तर खिडकीवरच्या लोकांना सांगत आले होते, 'वारले' लिहू नका, 'आजारी' लिहा, येणारा गाडीत एकटा असतो. तार पाठवणारा जावई इथलाच. त्याची आई गेली तेव्हा त्यालाही मास्तरांनी हेच सांगितलं होतं.

"तिकडच्या कचेरीला विचारते."

"घरच्या चौकशीला तार वापरायची नाही. नियम आहे."

"चुलीत घाला नियम! चार दिवस गाडीत काय, आहे की गेली, आहे की गेली, करत बसणार?"

मास्तर उठले आणि खुर्ची मोकळी करून दिली.

युनने विचारलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. २९८४. मास्तर कुणाला लिहू द्यायचे नाहीत, तेच अक्षर. तिने झटकन कागदावर तळहात ठेवला. वेडीच! मास्तर तर आवाजावरूनच वाचायचे.

ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. युनला कुणाला तरी शिव्या घालाव्याशा वाटल्या, पण कुणाला?

"पहिली तार उलगड," शेवटी ते म्हणाले. "मोठ्या अक्षरात. बायकोला कमी दिसतं."

"आणि ही?"

"ही मला कळली ना, बस. चार दिवसांची गाडी आहे, पोरी. तेवढे दिवस तिची लेक आजारीच असू दे."

युनने पेन उचललं. 'आजारी' बारीक अक्षरात लिहिलं गेलं. तो कागद फाडून तिने दुसरा घेतला आणि 'आजारी' मोठ्या अक्षरात लिहिलं.